ओढ्याकाठच्या पाच विहिरी

माझ्या पीएचडीचा विषय सासरी पहिल्यांदा सांगितला, तेव्हा मामांना वाटलं सून कबड्डीवर संशोधन करतेय. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मी 'गेम थिअरी' एवढंच म्हटलं होतं. मामांनी मोडलेली भाकरी तशीच हातात धरली आणि आत्याकडं मोठ्या कौतुकानं बघितलं.

"आमच्या शाळेनं तालुक्याला कबड्डी जिंकल्याली," ते म्हणाले. "मी हुतो त्यात. काय इचारायचं ते इचार."

मी नगरची. आमच्या घरात दोन पिढ्या मास्तरकी, शेती म्हणजे गॅलरीतल्या कुंड्या. नगरच्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. नवरा एमआयडीसीत नोकरीला. सासर मात्र पारनेर तालुक्यातलं, गावापासून लांब ओढ्याकाठची वस्ती. चार-सहा घरं आणि पावसाच्या भरवशावरची शेती. कॉलेजातून अभ्यासासाठी रजा मिळाली तेव्हा मी वस्तीवरच राहायला गेले, कारण मला जे शोधायचं होतं ते तिथंच होतं.

मामांना मी जेवता जेवता समजावून सांगितलं. म्हटलं, माणसं गणित मांडून वागतात असं पुस्तकं म्हणतात, पण तसं नसतं. माणूस शेजाऱ्याकडं बघतो. ज्याचं बरं चाललंय त्याचं उचलतो. असं उचलता उचलता अख्ख्या गावाची चाल बदलते, कधी भल्याकडं, कधी बुऱ्याकडं. जमिनीखालचं पाणी काही कुणाच्या सातबाऱ्यावर नसतं, एकानं जास्त उपसलं की दुसऱ्याची विहीर आटते. मग अशा ठिकाणी हात आखडून पाणी वापरणारा माणूस टिकतो का बुडतो, आणि टिकायचा असेल तर कशानं, हे मला बघायचंय.

"हात्तिच्या," मामा म्हणाले. "म्हंजे कबड्डी न्हाई." पण त्यांची निराशा भाजीची दुसरी वाढ होईपर्यंतच टिकली. दुसऱ्या दिवसापासून ते मला वावरावावरातून फिरवायला लागले.

मी प्रत्येकाला एकच विचारायची. यंदा काय लावलं, आणि का? उत्तरं ऐकून मी चकित झाले. काय लावलं त्याची उत्तरं वेगळी, पण का लावलं त्याचं उत्तर घरोघर एकच. "तुझ्या सासऱ्यानं लावलं न्हवं का!" मामांचं वावर डांबरी रस्त्याला लागून. येणारा-जाणारा मोटरसायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून, मिनिटभर वावर न्याहाळायचा आणि पुढं जायचा. मामांनी डाळिंब काढून कांदा लावला तेव्हा वस्तीनं डाळिंब काढलं. मामांनी ठिबक टाकलं, वस्तीनं ठिबक टाकलं. मामा मोठे बागायतदार नव्हते की पुढारी नव्हते. पण त्यांचा हात चांगला, आणि बांधावर कुणी आलं तर काही न लपवता सांगायचा स्वभाव. त्यामुळं लोकांना ते जवळचे वाटत.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसतेच हसले. पण आत्यानं दोन दिवसांनी माझ्या कानात सांगितलं, "बघ, वावरात जाताना आता धुतल्याली टोपी घालत्यात."

त्या वर्षी पाऊस कमी झाला. पावसाळा सरल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. गावात पाणी किती, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, पिकाला किती उरणार. उरत होतं थोडंच. मग ठरलं की नवीन बोअर कुणी पाडायचा नाही आणि उन्हाळ कांद्याऐवजी ज्वारी-हरभरा करायचा, कारण कांद्याला उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं आणि ज्वारी एखाद्या पाण्यावर येते. सगळ्यांनी हात वर केले. झाडून सगळ्यांनी.

"हात वर करायला कुठं पानी लागतंय," आत्या घरी आल्यावर म्हणाली.

मलाही तीच काळजी होती. मी मामांना स्पष्ट सांगितलं, "मामा, सगळे पाळतील असं धरून चालू नका. माझा अभ्यास सांगतो, एकटाच पाळणारा माणूस यात मागं पडतो."

"पडला तर पडला," मामा म्हणाले. "लोकं माझ्या वावराकडं बघत्यात असं तूच म्हनलीस ना? मग यंदा ज्वारी बघू दे त्यांना."

दिवाळी होते न होते तोच बोअरची गाडी आली. आमच्या बांधाला लागून तात्यांची जमीन. तात्या म्हणजे मामांचे चुलत भाऊ, वयानं बरेच धाकटे. त्यांचे वडील लवकर गेले, म्हणून मामांनीच त्यांना शाळेत घातलं, नांगर धरायला शिकवलं. गाडी रोंरावत जमिनीत गेली आणि दगडाची पांढरी भुकटी उडून आमच्या कोवळ्या ज्वारीवर बसली. ग्रामसभेत तात्यांचाही हात वर होता. मामा पानांवरची भुकटी बघत बांधानं चालत राहिले.

तात्यांच्या बोअरला पाणी लागलं. त्यांनी कांदा लावला, तो टपोरा आला आणि भावही चांगला लागला. आमची ज्वारी पोटऱ्यात, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेताला आली, तेव्हाच नेमकं विहिरीनं तळ दाखवला. एक पाणी मिळालं असतं तर कणसं भरली असती, ती भरली नाहीत. मोटरसायकली आता आमच्या वावरापुढं थांबेनात. त्या थोडं पुढं, तात्यांच्या बांधाशी थांबायला लागल्या. मामा मागच्या पायवाटेनं वावरात जायला लागले. कुणी कांद्याचा विषय काढला की ते उठून गोठ्यात जायचे. अबोल माणूस अबोल झाला तर कळत नाही, पण मामांच्या बोलण्यानं घर भरलेलं असायचं. आता जेवताना फक्त ताटं वाजायची.

एक दिवस आत्या ज्वारी निवडत बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या त्या अभ्यासात ह्यांचं असं का झालं ते लिवलंय का?"

"लिहिलंय, आत्या. चारी बाजूंनी ओरबाडणारी माणसं असली की एकटा राखणारा हरतो. पण राखणारे शेजारीशेजारी असले, एकमेकांचा फायदा एकमेकांनाच झाला, तर ते टिकतात. गावानं हात वर करण्यापेक्षा चार बांधकरी खरे असले तर उपयोग."

आत्यानं सुपातला खडा काढून लांब फेकला. "मग गोळा कर की बांधकरी. बसलीस काय?"

तिथून आमची खरी सुरुवात झाली. ओढ्याकाठी पाच विहिरी होत्या. एक मामांची. दोन विहिरी दोघा सख्ख्या भावांच्या, जे एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. एक ओढ्यापल्याडच्या काकूंची. काकू म्हणजे भावकीतल्याच. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून त्यांनी एकटीनं शेती ओढली. आवाज असा की त्यांच्या काठावरून आपल्या गड्याला हाक मारली तर आमच्या वस्तीवरचा गडी ओ द्यायचा. आणि पाचवी विहीर, बरोबर मधे, तात्यांची.

मी कागदावर ओढा काढून दाखवला. विहिरी जमिनीखालून पाइपानं जोडायच्या. या पाच विहिरींवर उन्हाळ कांदा कुणीच करायचा नाही. त्या बदल्यात प्रत्येकाच्या ज्वारीला आणि हरभऱ्याला ऐन गरजेचं एक पाणी मिळणारच, ज्या विहिरीत असेल त्या विहिरीतून. एकाची विहीर आटली तरी त्याचं पीक वाळणार नाही. मामा घरोघर जाऊन बसले. मागच्या वर्षी स्वतःचं काय झालं ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही, आणि मला वाटतं त्यामुळंच लोकांनी ऐकलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, दोन शंका काढल्या आणि होकार दिला. दोघे भाऊ एकमेकांना न विचारताच हो म्हणाले.

राहिले तात्या. त्यांच्या जमिनीतून गेल्याशिवाय पाइप जोडला जाणार नव्हता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला रस्ता. मामा त्यांच्याकडं गेले, मला बरोबर घेऊन. तात्या कांद्याच्या रोपांना पाणी सोडत होते.

"पाइप तुझ्या बांधाखालनं न्यायचाय," मामा म्हणाले. "कमरंएवढा खोल. वर काय दिसायचं न्हाई."

तात्यांनी खोरं खाली ठेवलं नाही. "दादा, आज पाइप न्हेशील. उद्या म्हनशील, बोअर बंद कर."

"ते तर म्हनतोच हाय."

"मग न्हाई."

"न्हाई तर न्हाई," मामा म्हणाले आणि वळले. परत येताना ओढ्यापाशी ते थांबले. ओढ्यात पाणी नव्हतं. "हितनं ह्याला खांद्यावर बसवून शाळंत न्ह्यायचो," ते म्हणाले.

पाइप जमिनीत पुरता आला नाही, म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही तो वरूनच टाकला. काळा, गुंडाळता येणारा पाइप, रस्त्याच्या कडेनं लांबचा वळसा घालून. पाणी द्यायचं असलं की उलगडायचा, झालं की गुंडाळून ठेवायचा, नाहीतर गाड्या त्यावरून जायच्या. पाण्याच्या प्रत्येक पाळीला सगळ्या घरांतून माणसं यायची. बायकांच्या खांद्यावरून तो पाइप निघाला की लांबून असं दिसायचं, जणू भलामोठा साप मिरवायला काढलाय. काकू सगळ्यांत पुढं. दोघे भाऊ आधी पाइपाची दोन टोकं धरायचे, म्हणजे जवळ यायला नको. पण पाइप वाकला की हाक मारावीच लागायची. "अरं ढिला सोड!" "तूच सोड की!" असं करत करत ते महिन्याभरात एकमेकांच्या घरी चहाला जायला लागले. आणि आम्ही तात्यांच्या वावरावरून वळसा घालायचो तिथं बाभळीखाली रोज गार पाण्याची कळशी आणि वर पालथा तांब्या ठेवलेला असायचा. तात्यांची बायको ठेवून जायची. ती कधी दिसली नाही, पण कळशी चुकली नाही.

त्या वर्षी आमच्या ज्वारीला वेळेवर पाणी मिळालं. कणसं अशी भरली की धाटं वाकली. मामा पुन्हा पुढच्या वाटेनं वावरात जायला लागले.

आणि तात्यांचा बोअर उचक्या द्यायला लागला. आधी पाणी थांबून थांबून यायचं, मग नुसती हवा. त्यांच्या विहिरीनं आधीच तळ गाठला होता आणि कांद्याची गाठ नुकती धरायला लागली होती. तात्या कुणाकडं गेले नाहीत. बायकोला बरोबर घेऊन ते घागरींनी सरी ओलवत होते. एवढ्या कांद्याला ते कसं पुरणार? पाती पिवळी पडत चालली. मामा दोन दिवस बांधावरून बघत राहिले. तिसऱ्या सकाळी उठले, कुणाला न विचारता पाइप ओढत नेला, तात्यांच्या सरीत तोंड सोडलं आणि आमच्या विहिरीची मोटार चालू केली.

दुपारपर्यंत काकू आमच्या अंगणात.

"भावजी, पानी कुनाचं दिलं?"

"माझ्या हिरीचं."

"तुमची हीर आता तुमची एकट्याची ऱ्हायली का?"

काकूंनी सगळ्यांना तिथंच कडुनिंबाखाली बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि मला ते पटत होतं. म्हणाल्या, "आमी कांदा सोडला. त्यानं न्हाई सोडला. बोअर त्यानं पाडला आन् पानी आमी द्यायचं? मग पुढल्या साली मी बी कांदा लावते. मला बी द्या." थोरला भाऊ म्हणाला, पाइप आजच काढून आणू. धाकटा म्हणाला, पीक जळताना बघवत नाही. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

माझ्या विषयातला हा फार जुना प्रश्न. मी सांगितलं तसं सांगते. म्हटलं, एकानं फसवलं की दुसरा त्याला फटका देतो. मग पहिला परत देतो. एकदा घडलेली चूक अशी बापापासून लेकापर्यंत चालत राहते. भावकीच्या कितीतरी केसेस कोर्टात अशाच पडून आहेत. अभ्यासात असं दिसलंय की फटक्याला फटकाच देणाऱ्यांपेक्षा अधूनमधून माफ करणारे जास्त टिकतात. पण नेहमीच माफ करणाऱ्याला लोक खाऊन टाकतात, हेही तितकंच खरं.

"म्हंजे कितींदा माफ करायचं?" काकूंनी विचारलं.

"दर वेळी नाही. आणि कधीच नाही, असंही नाही."

"म्हंजे तुला बी म्हाईत न्हाई."

"नेमकं नाही माहीत, काकू."

त्यावर सगळे हसले, काकूसुद्धा. हसल्यामुळं ताण जरा सैल झाला. काकूंनी पदर सावरला आणि निकाल दिला. "द्या पानी. ह्या येळंपुरतं. पन ते माझ्या हिरीतनं जाईल आन् मोटार मी चालू करीन. दर पाळीला तो माझ्या दारात यिऊन मागंल. त्यानं सोता यायचं."

पहिल्या पाळीला तात्यांची बायको आली. काकूंनी तिला चहा दिला, ख्यालीखुशाली विचारली आणि मोटार न लावता परत पाठवलं. दुसऱ्या सकाळी तात्या आले. मी तेव्हा काकूंकडंच होते, त्यांच्या विहिरीची पातळी मोजायला. तात्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"वयनी, पानी पायजे हुतं."

"कशाला?"

"कांद्याला."

"कुनाच्या?"

तात्यांची मान खाली. "माझ्या."

"बरं," काकू म्हणाल्या आणि मोटार चालू करायला गेल्या.

एवढंच बोलणं. तात्यांना ते किती जड गेलं हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. पण ते आले, आणि पुढच्या पाळीलाही आले. मग उंबऱ्यावर टेकायला लागले. मग कधी चुलीसाठी सरपण, कधी पातीच्या कांद्याची जुडी घेऊन यायचे. कांदा निघायच्या सुमाराला तर ते काकूंच्या ओट्यावर इतका वेळ गप्पा मारत बसायचे की काकूच म्हणायच्या, "जा की आता, तुझं पानी कवाच पोचलं."

कांदा निघाला तो बारीकच, ज्याला आमच्याकडं गोलटी म्हणतात तसला. पण निघाला. तात्यांनी पाइपाबद्दल चकार शब्द काढला नाही. मामांनीही नाही. काकू म्हणायच्या, माणूस पानी पिऊन पाठ फिरवनार. मला खरंच सांगता येत नव्हतं.

मग कडक उन्हाळ्यातल्या एका सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि वावराकडून टिकावाचा आवाज यायला लागला. मामा ओट्यावर जाऊन बघून आले. कप तसाच ठेवून ते निघाले. मी मागोमाग. तात्या एकटेच आपला बांध फोडत होते. रेषा आखलेली, मातीचा ढीग एका अंगाला व्यवस्थित लावलेला. मामा काठावर उभे राहिले.

"जरा खोल घे. नांगराला लागंल."

"घेतोय की," तात्या म्हणाले. मान वर केली नाही.

"तिकडं खडक हाय. तिथनं वळीव."

"म्हाईत हाय मला. माझंच वावर हाय."

मामांनी पायातल्या वहाणा काढल्या, खोरं उचललं आणि सरळ चरात उतरले. त्यांचा गुडघा आधीपासूनच दुखत होता. आत्या लांबून ओरडत आली, "अहो, गुडघा! गुडघा बघा की!" पण दोघांपैकी एकानंही वर बघितलं नाही. मग आत्या माघारी फिरली आणि दोघांसाठी मटकीची उसळ आणि भाकरी घेऊन आली. दुपारपर्यंत बाकीची घरंही खोरी-टिकाव घेऊन हजर. संध्याकाळी मामांना हाताला धरून घरी आणावं लागलं. आत्यानं तेल गरम केलं आणि गुडघा चोळता चोळता त्यांना भरपूर बोलून घेतलं. मामा डोळे मिटून ऐकत होते आणि मधेच म्हणत होते, "सोता फोडला गं त्यानं. सोताचा बांध सोता फोडला."

सगळं गाव काही बदललं नाही. वरच्या अंगाला अजून बोअर पडतात. पण आमच्या काठाला बघून ओढ्याच्या वरच्या वळणावरच्या तीन घरांनी आपल्या विहिरी जोडल्या. तात्यांचा बोअर बुजवला नाही. त्यात आता पावसाळ्यात ओढ्याचं गाळलेलं पाणी सोडतात, जमिनीत मुरावं म्हणून.

माझा प्रबंध झाला. त्यात नावं लिहायची नसतात. मामांनी विचारलं, "मग मी कोन?" मी म्हटलं, "शेतकरी अ." त्यांना ते फार आवडलं. तात्या 'शेतकरी क' होते. 'ब' काकू आहेत हे कळल्यावर ते म्हणाले, "तिथं बी ती पुढंच का?"

मग नगरच्या सरकारी कार्यालयात मला बैठकीला बोलावलं. तिथं सगळ्यांना प्रयोग आवडला होता आणि तो लगेच सगळ्या गावांना लागू करायचा होता. एका गावाला एक समिती. मी म्हटलं, कृपा करून असं करू नका. गावाला वरून आदेश दिला की हात वर होतात आणि बोअर पडतात. बांधाला बांध लागून असलेली घरं आपणहोऊन एकत्र येऊ द्या, त्यांना पाइपापुरती मदत करा, आणि त्यांचं बरं झालं तर बाकीचे बघून उचलतील. एक साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, पटतंय. पण आमच्याकडं ओढा हा घटक नाही. गाव हा घटक आहे." बैठक संपली. मी खिन्न होऊन जिन्यावरून उतरत होते, तर एक तरुण अधिकारी मुलगी धावत आली. ती जामखेडकडची. म्हणाली, "आमच्या गावात येऊन हेच सांगाल का? शक्य झालं तर त्या शेतकऱ्यांना घेऊन या."

म्हणून आम्ही जामखेडला निघालो, भाड्याच्या गाडीतून. मामा, तात्या, काकू आणि मी. वाटभर मामा आणि तात्यांचं कुठल्या रस्त्यानं जायचं यावरून चाललं होतं. काकूंनी मागच्या सीटवरून दोघांना दटावलं तेव्हा ड्रायव्हरही दचकून सरळ बसला.

तिकडचा मुलूख आमच्याहून कोरडा. देवळासमोर माणसं जमली होती. मी बोलले, मामा बोलले. मग बायकांतून एकजण उभी राहिली. "समदं खरं हाय. पर एखाद्यानं फसिवलं तं वो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तात्या उठले. आम्ही असं काही ठरवलेलं नव्हतं.

"मी फसिवलं हुतं," ते म्हणाले.

मामांनी मान खाली घातली आणि ते आपल्या वहाणांकडं बघत बसले.

"मंग?" ती बाई म्हणाली.

"मंग माझा बोअर आटला. ह्या माझ्या भावानं पानी सोडलं. आन् ह्या वयनीच्या दारात जाऊन दर पाळीला मागावं लागलं. लई वाईट वाटायचं. पाय उचलायचा न्हाई. पन जायाचो."

त्या बाईनं काकूंकडं बघितलं. "आन् तुमी देयच्या?"

"द्यायची की," काकू म्हणाल्या. "त्याच्या कांद्यानं माझं काय केलंतं?"

हसू फुटलं. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं. सभा मोडल्यावरही ती बाई काकूंना सोडेना. दोघी देवळाच्या पायरीवर बसून बोलत राहिल्या. निघताना काकूंनी तिचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये माझ्याकडून टाकून घेतला.

त्या गावात तीन घरांनी सुरुवात केली. एक घर मधेच सोडून गेलं, दोन टिकली. ती बाई अजून फोन करते, बहुतेक दुपारी, आम्ही सगळ्या मिळून काही निवडत-टिपत बसलेल्या असतो तेव्हा. वस्तीवर रेंज नीट येत नाही. काकू मोबाईल कानाला लावून अंगणात मधोमध उभ्या राहतात आणि जामखेडपर्यंत फोनशिवायच ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "अगं, दे तू पानी! पन त्याला म्हनावं, सोता ये!"